थोंगशिनलुओ कॅप्सूल: हृदयासाठीचे एक चिनी औषध, खोके उघडून पाहिलेले

गेल्या नोव्हेंबरात चीनमधील शिजियाझुआंगहून परत येताना मी थोंगशिनलुओ या औषधाची चार खोकी बरोबर आणली. ती माझ्या वडिलांसाठी होती. आप्पांना जुलैत हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, सोलापुरातच त्यांची अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला होता आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक आणि रक्तदाबाची एक अशी औषधे नियमित चालू होती. माझ्या मावसभावाने कुठेतरी वाचले की झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूचे होणारे नुकसान रोखणारे एक चिनी औषध आहे आणि ते अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकानेही छापले आहे. मी कामासाठी वर्षातून दोनदा त्याच शहरात जात असल्यामुळे ते आणण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. औषध आणले, मात्र आप्पांच्या हातात देण्यापूर्वी मी ते नीट वाचून काढले, एक कॅप्सूल फोडून पाहिली, त्यावर झालेली मोठी चाचणी समजून घेतली आणि आप्पांच्या हृदयरोगतज्ज्ञांसमोर खोके ठेवले. आपल्याकडच्या अनेक घरांत अशी खोकी आता परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून येऊ लागली आहेत, म्हणून जे पाहिले ते सविस्तर लिहीत आहे.

मी औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर आहे आणि एका औषध कंपनीत कच्च्या मालाच्या खरेदीचे काम पाहतो. आपल्याकडच्या गोळ्यांत, विशेषतः प्रतिजैविकांत, जो मूळ औषधी पदार्थ असतो त्यातला बराच चीनमधून येतो आणि हबेई प्रांताची राजधानी असलेले शिजियाझुआंग हे त्या व्यापाराचे एक मोठे ठाणे आहे. सोलापूरच्या माणसाला या शहराची ओळख मात्र वेगळ्या कारणाने असते. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी याच प्रांतात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात त्यांचे स्मारक आहे आणि त्याच आवारात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची समाधी आहे. मी प्रत्येक खेपेला तिथे जाऊन येतो. आप्पांना खोक्यावरच्या गावाचे नाव सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, "आपले कोटणीस ज्या मुलखात राबले तिथलं औषध आहे ना? मग घ्यायला काय हरकत आहे?" त्यांच्या या विश्वासामुळेच मला ते औषध अधिक काटेकोरपणे तपासावेसे वाटले.

थोंगशिनलुओ हे यीलिंग या कंपनीचे उत्पादन आहे. करोनाच्या काळात जगभर नाव झालेली ल्येनह्वा छिंगवन ही कॅप्सूलही याच कंपनीची. संस्थापक वू यीलिंग हे पारंपरिक चिनी वैद्यकाचे डॉक्टर असून चीनच्या अभियांत्रिकी अकादमीचे सदस्य आहेत, आणि थोंगशिनलुओला चीनमध्ये १९९६ साली मान्यता मिळाली. म्हणजे हे अलीकडे कुणीतरी बाजारात आणून सोडलेले चूर्ण नव्हे. तिथल्या इस्पितळांत ते जवळपास तीस वर्षे वापरात आहे, डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात आणि कॅप्सूल आधुनिक कारखान्यात तयार होते. खोक्यावर घाण्याचा (बॅचचा) क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत स्पष्ट छापलेली आहे, पट्ट्या घट्ट बंद आहेत, आतले पत्रक सुवाच्य आहे. वेष्टनाच्या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही.

एक कॅप्सूल मी स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या बशीत उघडली. प्रत्येक कॅप्सूलमध्ये ०.२६ ग्रॅम औषध असते. आतली पूड राखाडी तपकिरी रंगाची, थोडी रवाळ, बोटात चिमटीने धरली तर चिकटणारी होती. पहिला वास आला तो कापराचा, इतका ओळखीचा की देवघरात उभे असल्यासारखे वाटले. त्याच्या मागोमाग चंदनाचा मंद वास आला. बशी थोडा वेळ तशीच राहू दिल्यावर कापूर उडाला आणि खालून सुकटीसारखा एक बारीक वास वर आला. जिभेवर कणभर ठेवले तेव्हा चव खारट होती आणि मग कडू. आईने दुरूनच विचारले, "यात मासळी आहे का रे?" तिला जे कळले ते बरोबर होते, फक्त ती मासळी नव्हती.

या कॅप्सूलमध्ये बारा घटक आहेत. जिनसेंगचे मूळ, तांबड्या पिओनीचे मूळ, बोराच्या जातीच्या एका काटेरी झाडाच्या फळाच्या बिया, चंदन, शिसवीच्या कुळातले एक सुगंधी लाकूड, ऊद म्हणून जाळतात तसा सुगंधी डिंक आणि भीमसेनी कापूर हे त्यातले सात. उरलेले पाच प्राणिज आहेत: वाळवलेली जळू, विंचू, गोम, मातीत राहणारा झुरळाच्या जातीचा एक किडा आणि सिकाडा या किड्याने टाकलेली कात. शाकाहारी घरात हे औषध देताना एवढी गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या घरी हा प्रश्न नव्हता, पण माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबात आजींना सहा आठवडे "झाडपाल्याची कॅप्सूल" म्हणून ती दिली गेली आणि कळल्यावर त्यांना झालेला मनस्ताप मी पाहिला आहे. आजारी माणसाला न सांगता असे काही देणे, हेतू कितीही चांगला असला तरी, मला योग्य वाटत नाही.

जळूचे नाव वाचून आपल्याकडच्या वाचकाला सुश्रुताची जलौका आठवेल, पण दोन्हींत मोठा फरक आहे. आयुर्वेदात जिवंत जळू त्वचेवर लावून दूषित रक्त काढतात. चिनी वैद्यकात ती वाळवून, पूड करून पोटात घेतात आणि साकळलेले रक्त हलवणे हा तिचा गुण मानला जातो. जळवेच्या लाळेत हिरुडिन नावाचे प्रथिन असते, ते रक्त गोठू देत नाही, आणि त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत तयार केलेले बायव्हॅलिरुडिन हे इंजेक्शन अँजिओप्लास्टीच्या वेळी वापरले जाते. एवढ्यावरून कॅप्सूलमधली जळू तेच काम करते असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण पोटात गेलेल्या प्रथिनाचे पचन होते. शिवाय चीनच्या अधिकृत औषधकोशात जळू या नावाखाली तीन जाती चालतात आणि त्यातली एक रक्त न पिता गोगलगायींवर जगते. मला खरेदीच्या कामात रोज हाच प्रश्न पडतो: नाव तेच, पण माल कोणता?

औषधाच्या नावातच त्याचे तत्त्व आहे. थोंग म्हणजे मोकळे करणे, शिन म्हणजे हृदय आणि लुओ म्हणजे मुख्य वाहिन्यांपासून फुटणारे बारीक फाटे. वू यीलिंग यांची सारी मांडणी या फाट्यांच्या विकारांभोवती आहे. ही भाषा जुनी असली तरी झटक्यानंतरच्या ज्या अडचणीवर हे औषध दिले जाते ती आधुनिक हृदयरोगशास्त्राला चांगली माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ती उजनीच्या कालव्यावरून चटकन समजेल. मुख्य कालव्यात अडकलेला दगड काढला, दार उघडले, पाणी सुटले, तरी चाऱ्या आणि पोटचाऱ्या गाळाने भरलेल्या असतील तर शेवटच्या टोकाच्या शेतात पाणी पोहोचत नाही. स्टेंट टाकून मोठी रक्तवाहिनी उघडली तरी तिच्या पुढच्या केसासारख्या वाहिन्या सुजलेल्या आणि गुठळ्यांच्या कणांनी तुंबलेल्या राहू शकतात, आणि त्यामागचा स्नायू मरत राहतो. त्यातच, उपाशी राहिलेल्या स्नायूला रक्त एकदम परत मिळण्यानेही काही इजा होते. या दुहेरी इजेवर आधुनिक वैद्यकाने गेल्या काही दशकांत अनेक औषधे तपासली आणि बहुतेक वेळा हाती निराशाच आली. थोंगशिनलुओबद्दलचे कुतूहल का निर्माण झाले ते या पार्श्वभूमीवर समजते.

आता त्या चाचणीकडे येतो, कारण मावसभावाने वाचलेली बातमी तिचीच होती आणि ती खोटी नव्हती. चीनमधल्या १२४ इस्पितळांत मे २०१९ ते डिसेंबर २०२० या काळात ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२३ मध्ये जामा या अमेरिकन नियतकालिकात आले. मोठ्या स्वरूपाचा झटका आलेले आणि त्रास सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत पोहोचलेले रुग्ण तिच्यात घेतले होते. त्यातल्या ३,७७७ जणांचा हिशेब मांडला गेला: १,८८९ जणांना थोंगशिनलुओ आणि १,८८८ जणांना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल. कुणाला काय मिळते आहे ते रुग्णाला माहीत नव्हते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. दोन्ही गटांना नेहमीचे पूर्ण उपचार मिळत होते. बहुतेकांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू होती. थोंगशिनलुओ या उपचारांवर वाढवलेले होते, त्यांच्या जागी दिलेले नव्हते.

तीस दिवसांनंतर हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा झटका, हृदयाची वाहिनी तातडीने पुन्हा उघडावी लागणे किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण औषधाच्या गटात ६४ म्हणजे ३.४ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ९९ म्हणजे ५.२ टक्के. हृदयविकाराने झालेले मृत्यू ५६ विरुद्ध ८० होते. औषध वर्षभर चालू ठेवले गेले आणि वर्षाअखेरीस हेच एकत्रित प्रमाण ५.३ विरुद्ध ८.३ टक्के होते. हृदयरोगात हा फरक किरकोळ नाही. हजार रुग्णांमागे पहिल्याच महिन्यात अठरा जणांवरचे मोठे संकट टळणे ही मोठी गोष्ट आहे आणि ती नाकारण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. पारंपरिक औषध म्हटले की नाक मुरडणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी हे आकडे शांतपणे वाचावेत असे मला मनापासून वाटते.

बातमीत न आलेल्या काही बाबीही त्याच अहवालात आहेत. सर्व कारणांनी झालेले एका वर्षातले मृत्यू, तीस दिवसांतला पक्षाघात आणि स्टेंटमध्ये गुठळी होणे या बाबतींत दोन गटांत ठोस फरक आढळला नाही. मोठा रक्तस्राव वाढला नाही, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. औषधाचा त्रास झालेले रुग्ण मात्र २.१ विरुद्ध १.१ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट होते, आणि तो त्रास मुख्यतः मळमळीसारखा पोटाचा होता. सारे रुग्ण चीनमधले, सरासरी वय एकसष्टच्या आसपास आणि तीन चतुर्थांशाहून अधिक पुरुष. आपल्याकडचे रुग्ण, त्यांचा मधुमेह, त्यांचा आहार आणि त्यांची औषधे यांच्यावर हे निष्कर्ष तसेच्या तसे लागू होतील असे कुणीही अजून दाखवलेले नाही.

मात्रेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. चाचणीत झटका आल्याबरोबर २.०८ ग्रॅम, म्हणजे एकदम आठ कॅप्सूल, आणि त्यानंतर १.०४ ग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे रोज बारा कॅप्सूल वर्षभर दिल्या गेल्या. वर्षाच्या ४,३८० कॅप्सूल झाल्या. माझ्या खोक्यात तीस आहेत, तेव्हा वर्षाला १४६ खोकी लागतील. मी मोठ्या हौसेने आणलेली चार खोकी आप्पांना दहा दिवस पुरली असती. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून दोन-चार खोकी आणून रोज एखाद-दुसरी कॅप्सूल घेणाऱ्याने चाचणीतल्या औषधाशी आपला काही संबंध आहे असे समजू नये.

चीनमध्ये हे औषध कसे घेतले जाते ते मी एका घरात पाहिले. आमच्या पुरवठादार कंपनीतल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. मी त्यांच्याकडे सकाळी गेलो तेव्हा आजोबांची न्याहारी, बाजरीची पातळ पेज आणि वाफवलेला पाव, नुकतीच संपली होती. टेबलावर थर्मास होता, कोमट पाण्याचा पेला होता आणि एका झाकणात सकाळची सारी औषधे काढून ठेवली होती. त्या झाकणात चार तपकिरी कॅप्सूलच्या शेजारी अ‍ॅस्पिरिनची छोटी पांढरी गोळी होती, कोलेस्टेरॉलचे स्टॅटिन होते आणि रक्तदाबाची गोळी होती. उपाशीपोटी घेतले की पोटात ढवळते म्हणून डॉक्टरांनी जेवणानंतर घ्यायला सांगितले आहे असे ते म्हणाले. मी विचारले, बाकीच्या गोळ्या बंद करून केवळ ही घेतली तर चालेल का? आजोबांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले आणि सुनेला म्हणाले, "यांना कुणी असे सांगितले?" दर तीन महिन्यांनी ते इस्पितळात जातात, त्यांचे रक्त तपासले जाते आणि एकाच डॉक्टरच्या नजरेखाली दोन्ही प्रकारची औषधे चालतात. तिथे हे औषध एका पूर्ण व्यवस्थेचा भाग आहे. आपल्याकडे बॅगेतून येते ती फक्त कॅप्सूल, मागची व्यवस्था तिथेच राहते.

ज्या दुकानातून मी खोकी घेतली तिथे मात्र मला तसा अनुभव आला नाही. पत्रकावर हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे असे असतानाही दुकानातल्या बाईंनी चिठ्ठी मागितली नाही, रुग्णाचे वय विचारले नाही, त्याला आणखी कोणती औषधे चालू आहेत तेही विचारले नाही. पैसे घेऊन पिशवी हातात दिली. पत्रकात रक्तस्रावाचे विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि पाळीच्या दिवसांत हे औषध घेऊ नये असे साफ लिहिले आहे. ते चिनी भाषेत आहे. ज्याला ती येत नाही त्याच्या दृष्टीने तो कागद कोराच.

चिनी पारंपरिक औषधांच्या पत्रकांबद्दल माझा सर्वसाधारण आक्षेप असा की त्यांत घटकांची नावे असतात, पण प्रत्येक घटक किती आहे ते नसते. आधुनिक औषधाच्या बाबतीत आपण हे चालवून घेतले नसते. बारा घटकांच्या औषधात परिणाम नेमका कशाचा आणि त्रास नेमका कशाचा हे रुग्णाच्या डॉक्टरला सांगता येणार नसेल, तर त्याने निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा? ही शंका पुस्तकी नाही. क्वानशिन सूह नावाची हृदयशूळावरची एक जुनी चिनी गोळी आहे. तिच्यात पूर्वी छिंगमूश्यांग नावाचे मूळ असे आणि त्या मुळात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते, जे मूत्रपिंड निकामी करते आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवते. याच आम्लाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली होती. २००४ साली चीनने त्या मुळावर बंदी घातली आणि गोळीत त्याच्या जागी दुसरे मूळ आले. हृदय सांभाळण्यासाठी घेतलेल्या गोळीने कित्येक वर्षे मूत्रपिंडाला धोका निर्माण केला, आणि ते लक्षात येण्यासाठी दुसऱ्या खंडातल्या शोकांतिकेची वाट पाहावी लागली. थोंगशिनलुओच्या बारा घटकांत ते मूळ नाही, हे इथेच नोंदवतो. तरीही "शेकडो वर्षे वापरात आहे, म्हणजे निर्धोक आहे" हा युक्तिवाद मी त्या प्रकरणानंतर स्वीकारत नाही. आपल्या अर्जुनारिष्टाबद्दल कुणी तसे म्हटले तरी माझे उत्तर तेच राहील.

माझ्या हातून घडलेली एक चूकही इथे सांगणे आवश्यक आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकूंनी मला तानशन या मुळापासून केलेल्या हृदयाच्या बारीक गोळ्या आणायला सांगितल्या आणि मी त्या काहीही न विचारता आणल्या. काकूंच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे आणि त्यांना वॉरफॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध चालू आहे, ही गोष्ट मला ठाऊक होती, पण त्या क्षणी दोन्हींचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. तानशन वॉरफॅरिनचा परिणाम वाढवते, हे हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकातच नोंदवून ठेवले आहे. तीन आठवड्यांनी काकूंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, दंडावर काळे-निळे डाग पडले आणि रक्ततपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो ते दाखवणारा आकडा, सहाच्या वर निघाला. गोळ्या बंद केल्या, इस्पितळात दोन दिवस ठेवले आणि त्या सुखरूप घरी आल्या. काकू मला काहीही बोलल्या नाहीत. मी शिकलेला माणूस, रोज औषधांचीच कागदपत्रे चाळणारा, आणि तरीही विचारायचा एक प्रश्न विचारला नाही. आप्पांची खोकी कपाटात ठेवून आधी डॉक्टरकडे गेलो ते या अनुभवामुळे.

आप्पांचे हृदयरोगतज्ज्ञ वयाने माझ्याहून लहान आहेत. त्यांनी खोके हातात घेतले, माझे सारे म्हणणे ऐकले आणि चाचणीबद्दल त्यांना माहिती होती हे पाहून मला बरे वाटले. ते म्हणाले, "काका, या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी औषध झटका आल्यापासून चोवीस तासांत सुरू केले होते. आप्पांना आता चार महिने झाले. त्यांच्या वाहिन्यांत जे व्हायचे ते पहिल्या आठवड्यात होऊन गेले." आप्पांना पूर्वी जठरात व्रण झालेला आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत आणि त्यावर रोज बारा कॅप्सूल वाढवल्या तर पोटाची तक्रार आणि रक्तस्रावाची शंका आल्यावर कोणते औषध थांबवायचे ते ठरवणे कठीण जाईल, असे त्यांनी समजावून सांगितले. शेवटी आप्पांकडे वळून ते म्हणाले, "तुम्ही घेऊ नका असे मी सांगतो, आणि तुमच्या आजच्या चार गोळ्यांतली एकही चुकवू नका असे दहा वेळा सांगतो." आप्पांनी कोटणीसांचा विषय काढला. डॉक्टर हसून म्हणाले की कोटणीस असते तर त्यांनीही रुग्णाची आधीची औषधे विचारली असती. आप्पांना ते पटले.

तेव्हा या औषधाबद्दल माझे मत असे झाले आहे. चीनमध्ये राहणाऱ्या, तिथल्या इस्पितळात झटक्यावर उपचार घेणाऱ्या आणि तिथल्याच डॉक्टरने लिहून दिलेल्या रुग्णाने थोंगशिनलुओ निःशंकपणे घ्यावे. शांघाय किंवा बीजिंगला नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मराठी मंडळींवर अशी वेळ आली, आणि डॉक्टरांनी ही कॅप्सूल लिहून दिली, तर तिला जादूटोणा समजून टाकून देऊ नये. तिच्यामागे ज्या दर्जाची चाचणी आहे तशी जगातल्या फार थोड्या पारंपरिक औषधांमागे आहे. याच कंपनीच्या छीलीछ्यांगशिन या दुसऱ्या कॅप्सूलची, हृदयाची ताकद कमी झालेल्या ३,११० रुग्णांवर झालेली चाचणीही २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात हृदयविकाराने मृत्यू किंवा आजार बळावून इस्पितळात भरती होण्याचे प्रमाण ३०.०३ वरून २५.०२ टक्क्यांवर आलेले दिसले. या दिशेने चीनमध्ये काम गांभीर्याने चालले आहे. आपल्या अर्जुनसालीवर अशी, हजारो रुग्णांची, निष्क्रिय कॅप्सूलशी तुलना करणारी चाचणी आपण उभी करावी ही माझी जुनी इच्छा या निमित्ताने पुन्हा जागी झाली.

महाराष्ट्रात बसून, झटका येऊन महिने उलटल्यावर, कुणीतरी आणलेली कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करण्याचा सल्ला मात्र मी कुणालाही देणार नाही. वॉरफॅरिन किंवा तत्सम औषध चालू असेल, पोटात व्रण असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल, तर अजिबात नाही. आणि छातीत कळ आल्यावर अशी कॅप्सूल घेऊन पडून राहणे तर सर्वांत घातक आहे. चाचणीतला प्रत्येक माणूस इस्पितळात पोहोचलेला होता. छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, असे काही झाले की १०८ ला फोन करून थेट हृदयविभाग असलेले इस्पितळ गाठावे, घरातली कुठलीही बाटली शोधत बसू नये.

आणलेल्या चार खोक्यांपैकी एक उघडले गेले, तेही बशीत पूड पाहण्यापुरते. निघताना डॉक्टरांनी एक काम सांगितले. अशी खोकी घेऊन आणखीही रुग्ण त्यांच्याकडे येतात आणि आत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नाही, तेव्हा पत्रकाचे मराठी करून द्याल का, असे त्यांनी विचारले. पुढच्या रविवारी मी बसून ते केले: घटकांची बारा नावे, मात्रा, आणि कुणी घेऊ नये तो परिच्छेद ठळक अक्षरांत. एक प्रत त्यांच्या दवाखान्यात आहे. दुसरी आप्पांनी स्वतःच्या फाईलमध्ये, डिस्चार्ज कार्डाच्या मागे, डिंकाने चिकटवून ठेवली आहे.